दुःख कागदावर उतरवताना : घरातल्या मय्यतीनंतर चित्रकलेचा आधार

मय्यत झालेल्या घरात पहिले तीन दिवस माणसांची कमी नसते. ताजियतीला लोक येत असतात, शेजारून जेवणाचे डबे येतात, कुणी ना कुणी अम्मीजवळ बसलेलं असतं. चौथ्या दिवसापासून घर रिकामं व्हायला लागतं. मोठी माणसं मृत्यूचा दाखला, बँकेचं खातं, वारसनोंद यांच्या मागे लागतात. मुलं दप्तर घेऊन शाळेत परततात. दुःख मात्र तिथेच असतं, फक्त त्याच्याबद्दल बोलणारं कुणी उरत नाही.

आम्ही शिक्षक हे वर्गात नेहमी पाहतो. वडील गेलेला मुलगा आठ दिवसांनी येतो, बाकावर बसतो, विचारलं की "ठीक आहे" म्हणतो. पुढे कुणाचा अभ्यास मागे पडतो, कुणी मारामारी करायला लागतो, कुणी अगदीच शहाण्यासारखा वागतो आणि त्याचं काही बिघडलंय हेच कुणाच्या लक्षात येत नाही. अशा मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना चित्र, रेघ, नक्षी, शिवणकाम अशा हाताच्या कामातून दुःख बाहेर काढायला कशी मदत होते, आपल्या दीनच्या मर्यादेत ते कसं करायचं आणि कुठे थांबून जाणकाराकडे जायचं, ही माहिती इथे एकत्र देत आहोत.

दुःखाला शब्द का सापडत नाहीत

"कसं वाटतंय?" हा प्रश्न मोठ्यांनाही अवघड जातो. गेलेल्या माणसाबद्दल एकाच वेळी माया असते, राग असतो, "मी तेव्हा तसं बोलायला नको होतं" अशी टोचणी असते, आता घर कसं चालेल ही भीती असते. हे सगळं एका वाक्यात मावत नाही. लहान मुलाकडे तर त्यासाठी शब्दच नसतात. ते पोटात दुखतंय म्हणतं, रात्री अंथरूण ओलं करतं, अम्मीचा पदर सोडत नाही.

चित्र काढताना तीन गोष्टी घडतात. पहिली, आतलं काहीतरी बाहेर येऊन कागदावर समोर दिसतं. मनात फिरणाऱ्या गोष्टीला आकार मिळाला की तिच्याकडे थोडं लांबून पाहता येतं. दुसरी, हात आणि डोळे एका कामात गुंततात, श्वास शांत होतो. तिसरी, मुलांसाठी सगळ्यात मोलाची. समोरासमोर बसून डोळ्यांत डोळे घालून बोलणं जड जातं, पण शेजारी बसून दोघंही कागदाकडे पाहत असले की बोलणं आपोआप सुटतं. मूल चित्राबद्दल बोलतं आणि बोलता बोलता स्वतःबद्दल सांगून जातं.

कुणी गेल्यावर ज्याच्या हातातलं काहीच उरत नाही, त्या मुलाला कोणता रंग घ्यायचा, रेघ कुठे थांबवायची, कागद ठेवायचा की फाडायचा हे स्वतः ठरवता येतं. ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे.

सब्र म्हणजे गप्प बसणं नाही

आपल्या घरांत मुलाला सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं जाणारं वाक्य म्हणजे "रडू नको, सब्र कर". त्यातही मुलगा असेल तर "आता तूच घरातला मोठा". हे बोलणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण मूल त्यातून एवढंच शिकतं की अब्बांचं नाव काढलं की सगळे अस्वस्थ होतात, म्हणून नाव काढायचं नाही.

दीन काय सांगतो ते पाहावं. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे वडील त्यांच्या जन्माआधीच गेले होते, वयाच्या सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबा. पुढे ज्या वर्षी हजरत खदीजा (रजि.) आणि चाचा अबू तालिब गेले, त्या वर्षाला सीरतच्या पुस्तकांत दुःखाचं वर्ष असंच नाव आहे. लहानग्या इब्राहीमला शेवटचं जवळ घेताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा शेजारच्या सहाबींना आश्चर्य वाटलं. त्यावर त्यांनी हे अश्रू म्हणजे रहमत असल्याचं सांगितलं. डोळे वाहतात, मन दुखतं, फक्त रबला नाराज करेल असं तोंडून निघू नये, हा त्यांच्या बोलण्याचा आशय. कुरआनमध्ये हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे मुलाच्या दुःखाने पांढरे झाल्याचा उल्लेख सूरह यूसुफमध्ये आहे, आणि आपलं दुःख आपण अल्लाहसमोर मांडतो असं ते म्हणतात. म्हणजे दुःख मांडलं तर सब्र तुटतो असं नाही. गाल बडवणं, कपडे फाडणं, ओरडून आक्रोश करणं याला मनाई आहे. हळहळायला, आठवण काढायला, रडायला मनाई नाही.

मुलाशी कसं बोलावं याचाही एक नमुना हदीसमध्ये आहे. अबू उमैर नावाच्या लहान मुलाचा पाळलेला छोटा पक्षी मेला. तो उदास बसलेला पाहून प्रेषितांनी (सल्ल.) त्याला प्रेमाने हाक मारली आणि त्या पक्ष्याचं नाव घेऊन त्याचं काय झालं ते विचारलं. विषय टाळला नाही, "एवढ्याशा पक्ष्यासाठी काय रडतोस" असंही म्हटलं नाही. मुलाचं दुःख मुलाच्या मापाने मोजलं.

आणखी एक हदीस आमच्या या विषयाला फारच जवळची आहे. बुखारी शरीफमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषितांनी (सल्ल.) एक चौकोन काढला. मध्ये एक रेघ ओढली, ती चौकोनाच्या बाहेर नेली. मधल्या रेघेला लागून लहान लहान रेघा काढल्या. मग समजावलं, की हा माणूस, हा त्याला चहूबाजूंनी घेरणारा मृत्यूचा चौकोन, बाहेर गेलेली रेघ म्हणजे त्याच्या आशा, आणि या लहान रेघा म्हणजे संकटं. एक चुकलं तर दुसरं गाठतं. आयुष्य आणि मृत्यू यांच्यासारखी अवघड गोष्ट चार रेघांनी समजावलेली आहे. मोठ्या मुलांना मृत्यूबद्दल सांगताना हीच आकृती त्यांच्याकडून काढून घेता येते.

पण चित्र काढणं चालतं का?

हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत येतो आणि तो रास्त आहे. सजीवांची चित्रं काढण्याबद्दल हदीसमध्ये कडक इशारे आहेत. त्याचबरोबर, चित्रं काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी, काढायचंच असेल तर झाडं आणि जीव नसलेल्या वस्तू काढ, असा मार्ग दाखवल्याची रिवायतही आहे. हजरत आयशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत, हेही बुखारीत आहे. मुलांच्या शिक्षणासाठीची चित्रं, फोटो यांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. आपण ज्या आलिमांचं ऐकता त्यांना विचारून घरचा नियम ठरवावा. आम्ही इथे फतवा देत नाही.

मात्र दुःख कागदावर उतरवायला चेहरा काढावाच लागतो असं अजिबात नाही. घर, झाड, अंगण, समुद्र, विहीर, सायकल, चष्मा, जानमाज, भौमितिक नक्षी, अक्षरं, नुसते रंग, यांत हरकतीचं काही नाही. उलट, गेलेल्या माणसाची रिकामी खुर्ची किंवा दाराशी ठेवलेली चप्पल जे सांगते ते चेहऱ्याच्या चित्रातून सांगता येईलच असं नाही.

आणि समजा लहान मुलाने स्वतःहून अब्बांचं चित्र काढलंच, तर ते हिसकावून फाडू नये. मूल बालिग होईपर्यंत त्याच्यावरून कलम उचललेला असतो, म्हणजे त्याच्या नावावर गुनाह लिहिला जात नाही, हे आपण सगळे जाणतो. त्या घडीला मूल काय सांगतंय ते ऐकावं. घरचा नियम दुसऱ्या दिवशी शांतपणे समजावता येतो. हातातून फाडून घेतलेल्या चित्राची भरपाई मात्र नंतर करता येत नाही.

कोणत्या वयाला काय समजतं

मुलाचं चित्र समजून घ्यायचं तर त्याला मृत्यू किती समजला आहे ते माहीत हवं. वयं साधारण आहेत, प्रत्येक मूल वेगळं असतं.

तीन ते पाच वर्षं : गेलेला माणूस परत येईल असं वाटतं. "नाना कब्रमध्ये जेवतात का?" असे प्रश्न येतात. "झोपले" किंवा "गावाला गेले" असं सांगितलं तर मूल झोपायला घाबरतं किंवा वाट पाहत बसतं. सरळ सांगावं, की नानांचं शरीर काम करायचं थांबलं, त्यांना आता दुखत नाही, भूक लागत नाही, ते अल्लाहकडे गेले, ते इथे परत येणार नाहीत, आपण त्यांच्यासाठी दुआ करू. या वयाला जाड खडू आणि मोठा कागद द्या. गिरगोटेसुद्धा पुरेसे आहेत.

सहा ते नऊ वर्षं : मृत्यू कायमचा असतो हे कळू लागतं, पण "माझ्यामुळे झालं का?" ही शंका मनात घर करते. मी अभ्यास केला नाही म्हणून अब्बांना अटॅक आला, असं मूल खरोखर मानून बसतं. या वयात मुलं गोष्टच चित्रातून सांगतात, म्हणजे दवाखाना, रुग्णवाहिका, जनाजा, कब्रस्तानाची वाट. ही चित्रं पाहून घाबरू नये. मूल पाहिलेलं पुन्हा पुन्हा मांडून ते नीट लावून घेत असतं.

दहा वर्षांपुढे : मृत्यू सगळ्यांना येतो, आपल्यालाही येणार, हे समजतं. पण आता "माझं चित्र चांगलं येत नाही" ही लाज आडवी येते. अशा मुलांना नक्षी, अक्षरलेखन, नकाशा, वहीच्या कोपऱ्यातली रेखाटनं जास्त जवळची वाटतात. चित्र दाखवायचा आग्रह धरू नये.

घरी सुरुवात कशी करावी

साहित्य साधं लागतं. चित्रकलेची वही किंवा पाठकोरे कागद, शिसपेन्सिल, मेणाचे किंवा तेलकट खडू, कंपासपेटी. महागडं काही आणू नये. वस्तू महाग असली की मूल ती खराब होईल म्हणून घाबरतं.

वेळ ठरलेली असावी. आठवड्यातून दोनदा, अस्रनंतर अर्धा तास, एवढं पुष्कळ झालं. टीव्ही आणि मोबाइल बंद. घरातलं कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसून स्वतःही काहीतरी काढत असेल तर उत्तम. नुसतं बघत बसलं की मुलाला परीक्षा वाटते.

बोलताना हे लक्षात ठेवा :

- "हे काय काढलंस?" असं विचारू नका. "याच्याबद्दल मला सांगशील?" असं विचारा. नाही म्हणालं तर सोडून द्या.
- "छान आहे" म्हणून विषय संपवू नका. जे दिसतं ते बोला : "इथे तू खूप जोर देऊन रेघ ओढली आहेस."
- रंगावरून निदान करू नका. काळा रंग म्हणजे नैराश्य असं काही नसतं. कधी कधी हाताशी तोच खडू असतो.
- चूक दुरुस्त करू नका. घराला दार नसेल तर नसू दे.
- काय काढायचं ते एकदा सुचवा, लादू नका.
- चित्र कुणाला दाखवायचं ते मुलालाच ठरवू द्या. विचारल्याशिवाय ते फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

काही कागद फाडून टाकायचेच असतात. रागाच्या रेघा ओढून कागदाचे तुकडे करणं हाही मोकळं होण्याचा मार्ग आहे. म्हणून अशा कागदांवर आधी कोणतंही पवित्र नाव लिहिलेलं नसेल याची काळजी घ्यावी.

चार पेपर, मार्क नाहीत

महाराष्ट्रात शिकलेल्या पुष्कळ जणांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा दिलेल्या असतात. त्यातले पेपर सगळ्यांच्या ओळखीचे आहेत : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. आम्ही तेच विषय इथे वापरतो. फरक एवढाच की इथे मार्क नाहीत.

वस्तुचित्र. गेलेल्या माणसाची एक वस्तू समोर ठेवायची. दादींचं पानदान, अब्बांचा चष्मा, नानांची तस्बीह, भावाची क्रिकेटची बॅट. अर्धा तास नुसतं पाहत पाहत काढायचं. चष्म्याची काडी कुठे वाकली आहे, पानदानाच्या झाकणाला पोचा कुठे आहे, तस्बीहचे मणी कुठे झिजले आहेत, हे एरवी लक्षात येत नाही. पाहता पाहता त्या हातांची आठवण येते आणि बोलणं सुरू होतं. घरातल्या वस्तू वाटून टाकण्याआधी हे एकदा जरूर करावं.

स्मरणचित्र. त्या माणसाबरोबरचा एक प्रसंग किंवा एक जागा आठवून काढायची. माणसं काढायची नसतील तर जागेचा नकाशा काढावा. नानींच्या घरात ओटा कुठे होता, पाण्याचा माठ कुठे, खिडकीतून काय दिसायचं, त्या कुठे बसून तांदूळ निवडायच्या. भावंडं एकत्र बसली की "अरे, कपाट तिकडे नव्हतं" असा वाद होतो, आणि त्या वादातच घर पुन्हा उभं राहतं. कोरोनाच्या काळात ज्या घरांना मय्यतीचं तोंडही पाहता आलं नाही, गुस्ल देता आलं नाही, अशा घरांत दुःख अर्धवट राहून गेलं आहे. त्यांच्यासाठी हा सराव उशिराही उपयोगी पडतो.

संकल्पचित्र. म्हणजे नक्षी. कंपासने एक वर्तुळ काढा. कंपासची उघड तेवढीच ठेवून टोक वर्तुळाच्या रेघेवर कुठेही टेकवा आणि वर्तुळाच्या आतून कंस काढा. तो वर्तुळाला दोन ठिकाणी छेदतो. त्यातल्या एका ठिकाणी टोक ठेवून पुन्हा कंस काढा. असं पुढे सरकत गेलं की सहाव्या पावलाला आपण बरोबर सुरुवातीच्या जागी परत येतो आणि मध्ये सहा पाकळ्यांचं फूल तयार झालेलं असतं. मशिदींच्या जाळ्यांमध्ये दिसणाऱ्या कितीतरी नक्ष्यांचा पाया हाच आहे. ज्या मुलाचं जग कोलमडलं आहे त्याला नियमाने चालणारी, प्रत्येक वेळी जुळून येणारी गोष्ट हवी असते. झोप लागत नाही अशा मोठ्या माणसांनाही हे रंगवण्याचं काम बरं वाटतं.

अक्षरलेखन. बोरू किंवा तिरकं कापलेलं स्केचपेन घ्या. खत्तातीत अक्षराचं माप नुक्त्याने, म्हणजे कलमच्या टोकाने काढलेल्या चौकोनी टिंबाने घेतात. नस्तालीकमध्ये अलिफ तीन नुक्त्यांएवढा असतो. आधी नुक्ते, मग अलिफ, मग मरहूमांचं नाव. एकच नाव सावकाश दहा वेळा लिहायचं. उर्दू येत नसेल तर देवनागरीत लिहा, अक्षर घोटून लिहिण्याचा परिणाम तोच. मोठ्या मुलांनी गेलेल्या माणसाला पत्र लिहून त्याच्या कडेने वेलबुट्टी काढली तर जे बोलायचं राहून गेलं ते बाहेर येतं. आयत किंवा दुआ लिहिली असेल तर कागद अदबीने जपून ठेवावा.

मोठ्या माणसांसाठी : इद्दतचे दिवस आणि सुईदोरा

शोहर गेल्यावर बाईची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते, गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. या काळात साजशृंगार नाही, बाहेर जाणं गरजेपुरतं. सुरुवातीला माणसं येतात, पुढचे दिवस मात्र फार लांब होतात. तिलावत आणि नमाज यांच्या मधल्या वेळात हाताला काम असेल तर मन थोडं सावरतं. हाताला मेहंदी लावायची नसते, पण शिवणकाम, भरतकाम यात साजशृंगार नाही.

गोधडी आपल्या सगळ्या भागांत माहीत आहे, कुठे तिला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे तुकडे जोडून घातलेल्या धावदोऱ्याच्या टाक्यांनी ती बनते. मरहूमांचे चांगले कपडे सदका म्हणून गरजूंना द्यावेत, पण विरलेले, फाटलेले कपडे उरतात. त्यांची एक छोटी गोधडी किंवा उशीचा अभ्रा करता येतो. कापड निवडताना, "हा सदरा ईदला घेतला होता", "हा दुपट्टा माझ्या निकाहचा", अशा गोष्टी निघतात. मुलींना, सुनांना, शेजारणींना बरोबर घेतलं तर कुणी मुद्दाम समजावायची गरज राहत नाही. पुरुषांना रडायला आणि बोलायला आपण जागाच ठेवत नाही. त्यांना कब्रस्तानात झाड लावणं, अब्बांची जुनी खुर्ची घासूनपुसून रंगवणं, घराचा नकाशा काढणं, अशी कामं सोपी जातात.

झरीना : न पाठवलेल्या पत्रांची चित्रं

घराच्या आणि माणसांच्या दुःखातून मोठी कला कशी घडते याचं आपल्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे झरीना हाश्मी. १९३७ साली अलीगढमध्ये जन्म, वडील अलीगढ विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक, स्वतः गणिताच्या पदवीधर. पुढे बँकॉक, पॅरिस, टोकियो करत त्या न्यूयॉर्कमध्ये राहिल्या. कुटुंब पाकिस्तानात गेलं. २०२० मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांची बहीण राणी हिने त्यांना उर्दूत पत्रं लिहिली होती, पण ती पाठवली नव्हती. आईवडिलांचं जाणं, राहतं घर विकणं, एकटेपण, असं सगळं त्यांत होतं. ती पत्रं पुढे झरीनांच्या हाती आली. त्यांनी त्या उर्दू ओळींवर घरांचे आराखडे, नकाशे यांच्या रेघा छापल्या आणि २००४ मध्ये 'लेटर्स फ्रॉम होम' ही आठ चित्रांची मालिका केली. त्याआधी १९९९ मध्ये 'होम इज अ फॉरेन प्लेस' या छत्तीस छापचित्रांत त्यांनी एकेक उर्दू शब्द आणि त्याच्यासोबत काळ्या रेघांची एकेक आकृती ठेवली होती. या दोन्ही मालिकांत चेहरा नाही, माणूस नाही. फक्त भिंती, दारं, रेघा आणि आपली लिपी. ज्यांना वाटतं की चेहऱ्याशिवाय दुःख काढता येत नाही, त्यांनी ही चित्रं मुलांसोबत अवश्य पाहावीत.

जगात यावर काय काम झालं आहे

चित्रकलेतून उपचाराला 'आर्ट थेरपी' हे नाव ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये दिलं. क्षयरोगाने सॅनेटोरियममध्ये असताना चित्रं काढून त्यांना स्वतःला उभारी आली होती. त्याच सुमारास नाझींच्या तेरेझिन छावणीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही कैदी चित्रकार आईबापांपासून तोडलेल्या मुलांना चोरूनमारून चित्रकला शिकवत होती. १९४४ मध्ये तिला आउश्विट्झला नेऊन मारण्यात आलं. जाण्याआधी तिने मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवली. त्यातली बहुतेक मुलं जगली नाहीत, चित्रं राहिली. आज गाझासारख्या ठिकाणी लहान मुलांसोबत काम करणारे लोकही कागद आणि रंग सोबत ठेवतात.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं हवं ते बनवायला दिलं. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेत कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाचं प्रमाण कमी झालेलं आढळलं. चित्रकला येते की नाही याने फरक पडला नाही. हा प्रयोग लहान होता आणि खास दुःखात असलेल्यांवर केलेला नव्हता, त्यामुळे चित्र हे औषध आहे असं त्यावरून म्हणता येणार नाही.

दुःखाचा अभ्यास करणारे मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं, की शोकात असलेला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो. काही वेळ दुःखात बुडतो, काही वेळ रोजच्या कामात लागतो, आणि ही ये-जा निरोगी आहे. म्हणून सकाळी रडलेलं मूल दुपारी गल्लीत खेळताना हसलं तर "याला काही वाटतच नाही" असं कुणी म्हणू नये.

चित्र पुरेसं नाही हे कधी ओळखावं

चित्रकला ही सोबत आहे, उपचाराची जागा तिला घेता येत नाही. पुढील गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नका :

- मूल किंवा मोठं माणूस मरण्याची, स्वतःला इजा करण्याची भाषा करत असेल किंवा चित्रातून तेच वारंवार येत असेल. थेट, शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही.
- खाणं, झोप, शाळा किंवा काम कित्येक आठवडे पूर्ण विस्कटलेलं असेल.
- मृत्यू अपघात, हिंसा किंवा आत्महत्येने झाला असेल आणि तेच दृश्य डोळ्यांसमोर येत राहत असेल.
- महिने उलटूनही दुःखाची धार तसूभरही कमी होत नसेल. मोठ्यांमध्ये वर्षभर आणि मुलांमध्ये सहा महिने रोजचं जगणं अडवणाऱ्या शोकाला डॉक्टर आता वेगळा आजार मानतात आणि त्यावर इलाज आहे.
- चित्रातून छळ किंवा अत्याचाराचा संशय येत असेल.

सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी चाइल्डलाइन १०९८ आहे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. डॉक्टरकडे जाणं म्हणजे ईमान कमजोर असणं नव्हे. इलाज करून घेण्याची शिकवण आपल्याला दीननेच दिली आहे, आणि मनही शरीरासारखंच आजारी पडतं.

शाळा आणि मदरशासाठी थोडं

मूल परत येण्याआधी वर्गाला एका वाक्यात सांगावं की त्याच्या घरी काय झालं आहे आणि त्याला खोदून विचारायचं नाही. "माझे वडील" या विषयावर निबंध किंवा चित्र देताना वर्गात कोण यतीम आहे ते आठवावं. "माझ्या घरातलं एक माणूस" असा विषय दिला तरी काम होतं. चित्रकलेच्या तासाला अशा मुलाने दिलेला विषय सोडून दुसरंच काही काढलं तर त्याला काढू द्यावं. वर्गशिक्षकाकडे एक मोकळी वही ठेवावी, जिच्यात त्याला वाटेल तेव्हा मागच्या बाकावर बसून काही काढता येईल, आणि ती वही कुणी उघडणार नाही हा शब्द पाळावा. कुरआन यतीमच्या मालाबद्दल जितक्या कडक शब्दांत बोलतो तितक्याच कडकपणे त्याला झिडकारू नका असंही सांगतो. त्याच्या हातातला कागद त्याचाच माल समजावा.

वर्षभराने, बरसीच्या सुमारास, ही चित्रं पुन्हा काढून एकदा सगळ्यांनी मिळून पाहावीत. पहिल्या महिन्यातल्या रेघा आणि आत्ताच्या रेघा शेजारी ठेवल्या की फरक मुलालाच दिसतो. मग दुआ करावी आणि वही त्याची त्याला परत द्यावी.